दिल्लीचं काम, मुंबईचं काम

मोतीरामभाऊंकडं अर्ज लिहून घ्यायला कोणी आलं की ते नाव विचारत नसत, गाव विचारत नसत. चष्मा नाकावर खाली सरकवून पहिला सवाल टाकत, "काम कुठलं हाय? दिल्लीचं का मुंबईचं?"

आता समोरचा माणूस बीबी गावचा नाहीतर सुलतानपूरचा, मेहकरच्या पलीकडं कधी न गेलेला. तो बिचारा गोंधळून जायचा. "भाऊ, दिल्लीचं नाही अन् मुंबईचं बी नाही. शेजाऱ्यानं बांध कोरला माहा, त्याचं हाय." की भाऊंची कळी खुललीच. "मंग असं म्हण ना बे, मुंबईचं हाय म्हणून! जमीन राज्याकडं असते. दिल्लीले तुह्या बांधाशी काही घेणं नाही." एवढं ऐकवून झालं की मग नाव, गाव आणि गट नंबर.

लोणारच्या तहसील कचेरीसमोर हा माणूस चाळीस वर्षं टेबल टाकून बसला. धंदा अर्जनवीसाचा. ज्याला सरकारला काही सांगायचंय पण लिहिता येत नाही, त्याचं म्हणणं कागदावर उतरवून द्यायचं. तसे अर्ज लिहिणारे आणखी तीन-चार जण तिथं होते. पण अर्ज कोणत्या दारात टाकायचा हे फक्त मोतीरामभाऊंनाच कळतं, अशी त्यांची ख्याती होती. आणि खरं सांगायचं तर ती ख्याती पसरवण्यात भाऊंचा स्वतःचा हातभारही काही कमी नव्हता.

याचं मूळ शाळेत. मॅट्रिकला नागरिकशास्त्राच्या गुरुजींनी राज्यघटनेतल्या याद्या छडीच्या धाकानं पाठ करून घेतल्या होत्या. पहिली यादी दिल्लीची: फौज, रेल्वे, पोस्ट, नोटा. दुसरी राज्याची: जमीन, पोलीस, दवाखाने, गावचं पाणी. तिसरी दोघांची मिळून: शिक्षण, जंगल, लग्नं, वारसा. पहिल्या दोन याद्या भाऊंना फार आवडल्या. तिसरी मात्र त्यांनी कधी मनावर घेतली नाही. "ते सामाईक विहिरीसारखं हाय," असं म्हणायचे, "गाळ काढायची पाळी आली की दोघंबी एकमेकाकडं बोट दाखवतात. आपण आपलं दोनच धरून चालावं." त्यामुळं तिसऱ्या यादीतलं जे काही टेबलावर येई, ते भाऊ आपल्या अंदाजानं उचलून पहिल्या नाहीतर दुसऱ्या यादीत टाकून मोकळे होत. आणि बहुतेक वेळा ते जमूनही जाई.

लोणारात तर याची मजाच होती. तळ्याच्या काठची बाभूळ तोडायची तर वनखातं, म्हणजे भाऊंच्या हिशेबानं मुंबई. त्याच बाभळीच्या सावलीतल्या देवळाचा चिरा हलला तर पुरातत्त्व, म्हणजे दिल्ली. एकदा कोणी टवाळानं विचारलं, भाऊ, झाडाला बांधलेली म्हैस देवळाला टेकून उभी असली तर ती कोणाची हो? भाऊंनी पेन खाली ठेवलं, नीट विचार केला आणि म्हणाले, "तोंडाकून मुंबईची, शेपटाकून दिल्लीची." पुढं कितीतरी दिवस पोरं त्यांना बघून म्हशीसारखं हंबरायची. भाऊंना त्याचाही राग नव्हता.

कारण कामाला माणूस पक्का होता. सोजराबाईचं उदाहरण अख्ख्या तालुक्याला माहीत. तिचा नवरा फौजेत होता. तो वारल्यावर पेन्शनीसाठी ती बाई सहा वर्षं बुलढाण्याच्या चकरा मारत होती. भाऊंनी तिचे कागद पाहिले आणि कपाळाला हात लावला. "अव माय, हे दिल्लीचं काम, अन् तू मुंबईच्या माणसाच्या पायऱ्या झिजवून राह्यली!" एक अर्ज, एक रजिस्टर पाकीट, आणि पाचव्या महिन्यात पेन्शन सुरू. त्यानंतर दर दिवाळीला ती त्यांच्या घरी अनारसे आणून द्यायची.

मग सेतू केंद्र आलं. कचेरीच्या आवारातच एक खोली, दोन कॉम्प्युटर, आणि काउंटरवर अश्विनी नावाची मुलगी. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे सगळे दाखले हळूहळू तिकडं गेले. भाऊंच्या टेबलावर उरले बांधाचे तंटे, पेन्शनी आणि रस्त्याच्या तक्रारी. ते म्हणत, "बटणं दाबते पोरगी. कायदा कुठं येते तिले?" पण दुपारी तिच्या खिडकीपुढची रांग मोजत बसत आणि मग उगाच पेनाचं टोपण काढत-घालत राहत. आत कुठंतरी दुखत होतं त्यांना, दुसरं काय.

भाऊंना मूलबाळ नव्हतं. ते, बायको गीताबाई, धाकटा भाऊ शेषराव आणि त्याची बायको यांचं घर एकच. शेषराव वांगी, मेथी, कोथिंबीर लावायचा. त्याची मुलगी प्राची ही घरातली एकुलती लेक, भाऊंना मोठेबाबा म्हणणारी. लहानपणी तिनं पहिलं अक्षर काढलं ते भाऊंच्या टेबलाखाली बसून, टाकून दिलेल्या अर्जांच्या पाठीवर. मोठी होऊन ती नर्स झाली. मेहकरच्या एका खाजगी दवाखान्यात दहा वर्षं राबली. तिथं नेमणुकीचं पत्र नाही, रजा नाही, डॉक्टर म्हणेल तेव्हा यायचं आणि म्हणेल तेव्हा जायचं. पक्की नोकरी लागली की आईबापांना आणि मोठेबाबा-मोठीआईला जवळ ठेवायचं, एवढंच तिचं मागणं. लग्नाची स्थळं तिनं त्यापायीच परतवली होती.

नागपूरला केंद्र सरकारचा एक मोठा दवाखाना आहे. तिथल्या भरतीची परीक्षा ती चार वर्षं देत होती. दर वेळी चार-दोन मार्कांनी हुकायची, त्यामुळं कागद तपासायची पाळी कधी आलीच नव्हती. आता ती बत्तीस पार करून तेहतिसाव्यात होती. खुल्या वर्गाला वयाची अट तिसाची, मागासवर्गाला तेहतिसाची. म्हणजे ही परीक्षा शेवटची, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्यांची जात राज्याच्या यादीत भटक्या जमातींत मोडते. दिल्लीच्या फॉर्मात तसा रकानाच नसतो, तिथं त्यांना ओबीसीत धरतात. एवढं भाऊंना माहीत होतं. प्राचीजवळ जातीचा दाखला होता आणि नॉन-क्रिमिलेअरचाही होता, तीन वर्षं चालणारा, अजून दीड वर्ष बाकी असलेला. फॉर्म भरायला ती सेतूवर गेली तेव्हा अश्विनीनं कागद उलटेपालटे करून पाहिले.

"ताई, हे दोन्ही राज्याचे आहेत. केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला वेगळा दाखला लागतो, अन् तो फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आतला पाहिजे. कागद ठेवून जा, उद्या अर्ज टाकते मी. पंधरा दिवसांत येऊन जाईल."

शेवटची तारीख वीस दिवसांवर होती. प्राची कागद तिथंच ठेवून घरी आली आणि जेवताना सहज बोलून गेली. भाऊंचा घास हातातच राहिला. घरच्या पोरीचं काम, सरकारी कागदाचं काम, आणि सल्ला सेतूवालीचा! त्यांना फार लागलं ते.

दुसऱ्या दिवशी प्राचीला सोबत घेऊन ते सेतूत शिरले. त्या खोलीत त्यांचं ते पहिलंच पाऊल. रांग तोडून सरळ काउंटरवर.

"काय व अश्विनी, दाखला देणारं कोण?"

"राज्य शासन, काका."

"सही कोणाची?"

"मेहकरच्या प्रांतसाहेबांची."

"अन् केंद्राच्या नमुन्यावर कोणाची होईन?"

"तीबी त्यांचीच."

"पाहा!" भाऊ रांगेकडं वळले. "साहेब तोच, सही तीच, शिक्का तोच. मंग माणूस काय दुसरा होते काय? दाखला देणं राज्याचं काम हाय. राज्यानं एकदा दिला म्हंजे दिला. दिल्ली कोण त्याले नाही म्हणणारी?"

रांगेतली माणसं हसली. भाऊंच्या बाजूनं हसली. कितीतरी वर्षांनी त्यांच्या बोलण्यावर अशी माणसं हसली होती. अश्विनी काही बोलायला गेली, "काका, नियम तसा आहे हो, मी माझ्या मनानं..." पण तिचा आवाज त्या हसण्यात बुडाला.

आणि इथंच ती गोष्ट घडली, जी भाऊंनी पुढं कोणालाच सांगितली नाही. त्या क्षणी त्यांच्या मनात पाल चुकचुकली. काढला वेगळा दाखला तर आपलं काय जातं? अजून एकोणीस दिवस आहेत हातात. पोरीचं शेवटचं वर्ष आहे. हे सगळं त्यांच्या डोक्यात लख्ख आलं. पण रांग बघत होती. आता मागं सरायचं म्हणजे चाळीस वर्षांच्या नावावर पाणी सोडायचं, असं त्यांना वाटलं. त्यांनी काउंटरवरचे कागद उचलले.

"सांग प्राची, कोणाचं ऐकतं?"

प्राचीनं अश्विनीकडं पाहिलं, मग भाऊंकडं. "तुमचंच, मोठेबाबा," ती म्हणाली.

फॉर्म राज्याच्याच दाखल्यावर भरला गेला, परीक्षा झाली. निकाल आला आणि घरात नुसती धमाल उडाली. प्राचीचं नाव ओबीसीच्या यादीत, वरून सोळावं! शेषरावनं मेथीचा वाफा अर्धा तसाच सोडून गावात पेढे वाटले. गीताबाईनं गजानन महाराजांना नवस बोलला होता, ती शेगावला जाऊन तो फेडूनही आली. भाऊ टेबलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, "दिल्लीचं काम होतं. केलं."

कागद तपासायला नागपूरला बोलावणं आलं. शेषराव म्हणाला, "भाऊ, तुम्हीच जा पोरीसंगं. मले तिथलं काय कळते?" भाऊंनी नवं धोतर काढलं. मेहकरहून एसटी पकडली तेव्हा त्यांना इतका आनंद झाला होता की वाटभर ते प्राचीला रस्ते दाखवत होते, हा दिल्लीचा, तो मुंबईचा. ती हसून हो हो करत होती.

तपासणीच्या टेबलावर एक बाई होत्या. बोलायला चांगल्या. त्यांनी एकेक कागद पाहिला, बरोबरच्या खुणा केल्या, आणि दाखल्यापाशी थांबल्या.

"हा राज्याचा आहे. केंद्राच्या नमुन्यातला द्या."

"बाईसाहेब," भाऊ पुढं झाले, "सही तर तीच राहते ना दोहीवर."

"असेल काका. पण राज्य तुमचं मागासलेपण आपल्या नियमानं ठरवतं, केंद्र आपल्या. नोकरी केंद्राची आहे, तर केंद्राच्या नियमानं तपासून दिलेला कागद लागतो. दाखला तुमचे साहेबच देतात, पण यात दोघांचंही काम असतं."

"परवा आणून देतो. मी स्वतः जातो."

"शेवटच्या तारखेआधीचा लागतो. आता कितीही लवकर आणला तरी तारीख आजची पडणार." त्यांनी प्राचीकडं पाहिलं. त्यांनाही वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. "तुम्हाला हे फॉर्म भरताना कोणी सांगितलं नाही का?"

आता प्राची सगळं बोलणार, असं भाऊंना वाटलं. बोलावंच, असंही वाटलं.

"नाही मॅडम," प्राची म्हणाली. "माझ्याच लक्षात नाही आलं."

खुल्या वर्गात धरायचं तर वय गेलेलं. बाईंनी एक रेघ ओढली आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

परतीच्या गाडीत प्राचीनं त्यांना खिडकीची जागा दिली. पाण्याची बाटली उघडून दिली. भाऊ मनात म्हणत होते, अगं, भांड माझ्याशी. चारचौघांत भांड. म्हण, तुमच्यामुळं झालं. पण ती एवढंच म्हणाली, "जाऊ द्या मोठेबाबा. मेहकरचा दवाखाना हायेच." आणि कारंजा येईपर्यंत डोळे मिटून बसली. झोपली नव्हती. तिचे ओठ हलत होते, आणि भाऊंना कळत होतं की ती रडू दाबून धरतेय.

घरी तिनं सांगितलं, कागदात काहीतरी राहून गेलं. शेषरावनं दिल्लीवाल्यांना दोन शिव्या हासडल्या. "एवढी हुशार पोरगी, अन् एका कागदापायी!" भाऊ तिथंच खाटेवर बसले होते. गीताबाईला मात्र नवरा माहीत होता. ती चुलीपाशी हळूच म्हणाली, "पोरीनं तुमचं नाव नाही घेतलं."

मग त्यांनी जन्मात लिहिले नसतील असे दोन अर्ज लिहिले. एक दिल्लीला, एक मुंबईला. मुलगी पात्र आहे, जात खरी आहे, उत्पन्न खरं आहे, कागदाचा नमुना तेवढा वेगळा, दया करावी. लिहिताना ते अक्षर चांगलं यावं म्हणून पुन्हापुन्हा नवा कागद घेत होते.

उत्तरं आली. दिल्लीनं कळवलं, दाखले देणं हा राज्य शासनाचा विषय आहे, कृपया तिकडं संपर्क साधावा. मुंबईनं कळवलं, ही भरती केंद्र शासनाची आहे, कृपया तिकडं संपर्क साधावा. दोन्ही पत्रं चोख होती. भाऊंच्या टेबलावर असा अर्ज आला असता तर त्यांनीही असंच काहीतरी ऐकवलं असतं. दोन्ही पत्रं त्यांनी कोणाला दाखवली नाहीत.

टेबलावर ते येत राहिले, पण पहिला सवाल बंद झाला. कोणी दाखल्याचं विचारलं तर म्हणत, "तिकडं जा. त्या पोरीले विचार. ते सांगन ते कर." आणि अश्विनीकडं जायला, नुसतं आवार ओलांडून जायला, त्यांना आठ महिने लागले.

फाल्गुनातली एक दुपार. खिडकीपुढं रांग नव्हती. भाऊ आत गेले आणि काउंटरपुढं उभे राहिले. "अश्विनी, माहं चुकलं व. तू बरोबर सांगत होती. मी चारचौघांत तुले..."

अश्विनी चटकन उठली, तिनं खुर्ची दिली. "काका, झालं ते झालं. मलाबी त्या दिवशी जोर लावायला पाहिजे होता, मी गप बसले." मग तिला काहीतरी आठवलं. "अन् आता कशाला मनाला लावून घेता? प्राचीताईचा राज्याच्या भरतीचा फॉर्म भरला ना आपण. तिथं वयाची अट सैल आहे, बसते ती. या वेळी एकूण एक दाखले काढून ठेवले तिनं, दोन्ही नमुन्यांतले. हॉल तिकीट आलंय, तेवढं सांगून द्याल तिला?"

"कधी भरला?"

"झाला की महिना. एका मंगळवारी भरला. तुम्ही बसले होते ना समोर."

"हो हो," भाऊ म्हणाले. "माहीत हाय मले."

मंगळवार. दर मंगळवारी ते दिवसभर टेबलावर असत. प्राची त्यांच्या समोरून गेली असणार, नाहीतर मागच्या फाटकानं आली असणार. राज्याची भरती, म्हणजे मुंबईचं काम, ज्यात भाऊंची चूक काढायला आजवर कोणी जन्माला आलं नव्हतं. त्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं.

संध्याकाळी प्राची दवाखान्यातून आली. हातपाय धुऊन तिनं भाऊंचं ताट वाढलं, भाकरीवर तेल घातलं, त्यांना आवडतो तसा ठेचा कडेला ठेवला. भाऊ वाट बघत राहिले. ती दवाखान्यातल्या एका पेशंटचं सांगत होती, वांग्यावरच्या अळीचं सांगत होती. शेवटी त्यांनीच विचारलं, आवाज होईल तितका साधा ठेवून.

"काऊन व प्राची, एवढ्यात एखादा फॉर्म-बिर्म भरला का कुठं?"

तिचा हात क्षणभर थांबला. मग ती त्यांच्याकडं बघून हसली, अगदी मायेनं.

"नाही हो, मोठेबाबा. भरला असता तर आधी तुम्हालेच नसतं का विचारलं?"

"हाव," भाऊ म्हणाले. "तेबी खरंच हाय." आणि तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी आणखी अर्धी भाकर मागून घेतली.